मारणाऱ्या नवऱ्यांसोबतचं काम : सोलापुरातली माझी चार वर्षं

१४ सप्टेंबर २०२५ला, रविवारी संध्याकाळी, आमच्या गटाची सोळावी बैठक संपली. खुर्च्या एकावर एक रचल्या, चहाचं पातेलं विसळलं आणि गट चालवणाऱ्या आमच्या ताई म्हणाल्या, "पुढचा गट तू घे. मी मागे बसते." माझी शिकाऊ उमेदवारी संपल्याचं एवढंच जाहीर झालं. पत्र अजून यायचंय.

'कौटुंबिक हिंसा करणाऱ्या पुरुषांसोबत हस्तक्षेप' असं आमच्या कागदांवर लिहिलेलं असतं. आईला मी 'बायकोला मारणाऱ्यांना समजावतो' असं सांगितलं होतं. ते चूक आहे, पण त्याहून सोपं मला अजून सापडलेलं नाही. मी सुरुवात केली तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था ठाऊक होत्या, मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३ पासून पुरुषांमध्ये काम करते हेही वाचलं होतं. पण सोलापुरात बसून हे काम पोटापाण्यासाठी करायचं तर शिक्षण कोणतं, कागद कोणते, पगार किती, काहीच कळत नव्हतं. म्हणून हे लिहितोय. माणसांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदललेत.

मी मूळचा बी.कॉम. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात नऊ वर्षं डिस्पॅचला होतो. २०२०च्या दिवाळीत बोनसच्या दिवशी एका कामगाराची बायको गेटवर आली. डावा डोळा सुजून बंद झालेला. "बोनस माझ्या हातात द्या," म्हणाली. मी रजिस्टर दाखवून सांगितलं, "ज्याची सही त्याचे पैसे. घरचं घरी बघा." नियमाने ते बरोबरच होतं. ती "बरं" म्हणाली आणि गेली. बाकीचं काही आठवत नाही, बोनस किती होता तेही नाही, पण ते 'बरं' आठवतं.

पुढच्या वर्षी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला. वय ३४, वर्गात सगळ्यांत मोठा. पोरं पहिला महिनाभर मला 'सर' म्हणत होती. दोन वर्षांची फी, छपाई, क्षेत्रकार्याचं येणं-जाणं मिळून साधारण ५३ हजार गेले. नोकरी सोडली होती, घर बायकोच्या पगारावर चाललं. हे लिहायला हवं, कारण 'मी करिअर बदललं' असं लोक म्हणतात तेव्हा मागे कुणीतरी गॅसचं बिल भरत असतं.

एमएसडब्ल्यू करताना हे काम डोक्यात असेल तर एक गोष्ट जपा. दुसऱ्या वर्षी क्षेत्रकार्य कुठे करायचं हे स्वतः मागून घ्या. माझा कारखान्यातला अनुभव बघून सगळे म्हणत होते, कार्मिक व्यवस्थापन घे, लगेच नोकरी लागेल. मी महिलांचं समुपदेशन केंद्र मागितलं. पहिलं वर्ष कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, गेलं होतं, तिथे बायकांशी बोलायची भीती मोडली होती. केंद्रातल्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी बायकांचं ऐक. पुरुषांशी बोलायची घाई नको." मला वाटलं, दोन-चार आठवडे ऐकायचं असेल. पुरुषांसमोर बसायला मला त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं लागली.

जुलै २०२३मध्ये निकाल लागला. सप्टेंबरात एका संस्थेची जागा निघाली. मुलाखतीला तिघं होते. "तुम्हाला राग आला की तुम्ही काय करता?" या प्रश्नाची तयारी करून गेलो होतो, तो विचारलाच नाही. विचारलं ते असं : "तुमच्या पत्नीशी आम्ही स्वतंत्रपणे बोललो तर चालेल का?" मी हो म्हणालो, पण घाम फुटला. ते बोलले. काय बोलले ते बायकोने मला आजवर सांगितलेलं नाही.

निवड झाली, पण रुजू व्हायला पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी लागत होती. ऑनलाइन अर्ज, शंभर-सव्वाशे रुपये फी, इथवर सोपं. दोन वर्षांपूर्वी मी घर बदललेलं, त्यामुळे कागद दोन ठाण्यांत फिरला आणि एकात तो तीन आठवडे नुसता पडून राहिला. एकूण ४१ दिवस लागले. तुम्ही भाड्याच्या घरात असाल तर जुना आणि नवा, दोन्ही भाडेकरार, वीजबिल आणि घरमालकाचा फोन नंबर अर्ज करतानाच जवळ ठेवा. 'माझ्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार वा खटला नाही' असं स्वतंत्र घोषणापत्रही द्यावं लागलं.

१ डिसेंबर २०२३ला रुजू झालो. मानधन १७,५०० रुपये. पहिले तीन महिने ते आलंच नाही, कारण निधीचा हप्ता अडकला होता. मार्चमध्ये एकदम आलं. या क्षेत्रात येताना किमान चार महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

पहिले चार महिने माझं काम फायली वाचणं आणि कायदा शिकणं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. मराठी प्रत घ्या, पेन्सिल घ्या. आमच्या कामाचा पाया कलम १४ : दंडाधिकारी दोघांपैकी एकाला किंवा दोघांना समुपदेशनाला पाठवू शकतात. पण मला खरा धक्का दिला तो २००६च्या नियमांमधल्या नियम १४ने. त्यात म्हटलंय की मारहाणीचं समर्थन समुपदेशनात चालणार नाही, आणि हे पुरुषाला सुरुवातीलाच सांगायचं. समुपदेशनाचा हेतू पुन्हा हिंसा होणार नाही याची हमी घेणं हा आहे. समेटाचा विषय तिला हवा असेल तरच. आपल्याकडे नातेवाईक, शेजारी, पुढारी सगळे 'संसार मोडू नका'पासून सुरुवात करतात. नियमाची सुरुवात तिथून होत नाही.

कलम १४मध्येच एक अडचण आहे. समुपदेशनाला पाठवल्यावर पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. आमचा गट सोळा आठवड्यांचा. म्हणजे गट अर्ध्यावर असतानाच न्यायालयात अहवाल द्यायचा. त्यात हजेरी आणि सुरक्षिततेविषयीची निरीक्षणं लिहायची, 'सुधारणा दिसते' असं काही लिहायचं नाही, हे ताईंनी मला चार वेळा अहवाल परत पाठवून शिकवलं.

एक नियम सोलापुरात जास्तच लागू पडतो. वादाशी ज्याचा संबंध आहे त्याने समुपदेशक व्हायचं नाही. आमच्या पूर्व भागात प्रत्येक तिसरा माणूस कुणाचा तरी साडू निघतो. दोनदा मला नाव वाचताच फाइल परत द्यावी लागली.

फेब्रुवारीत पुण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, सकाळच्या 'हुतात्मा' एक्स्प्रेसने गेलो. तिथे 'सत्ता आणि नियंत्रणाचं चाक' पहिल्यांदा नीट समजलं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावी १९८१मध्ये पोलीस, न्यायालय आणि महिला संस्था यांनी मिळून काम सुरू केलं. तिथल्या मार खाल्लेल्या बायकांच्या बोलण्यातून १९८४मध्ये हे चाक तयार झालं. मारहाण बाहेरच्या कडेला, आणि आतल्या आऱ्यांमध्ये धमकी, पैशांची कोंडी, मुलांचा वापर, माणसांपासून तोडणं. चाक पटलं. पण ते सोलापुरात आणल्यावर आऱ्या कमी पडतात. बायकोने हजार विड्या वळायच्या आणि हिशेबाचे पैसे नवऱ्याने परस्पर घेऊन यायचे. माहेरचा फोन स्पीकरवर टाकूनच बोलायचं. पाणी पाच दिवसांनी आलं आणि भरताना ती झोपून राहिली म्हणून लाथ. आम्ही भिंतीवरच्या तक्त्यावर खडूने जास्तीच्या आऱ्या काढल्यात.

प्रशिक्षणाचा गृहपाठ होता : घरी विचारा, 'मी आवाज चढवला की तू काय करतेस?' मी सहज विचारलं. बायको भाकरी थापत होती. न थांबता म्हणाली, "पोरीला घेऊन गच्चीवर जाते." मी म्हटलं, "ते कपडे काढायला ना?" ती म्हणाली, "कपडे रोज दुपारीच काढते मी." मी कधी हात उचललेला नाही, आणि ते मनात धरूनच मी या कामात आलो होतो. त्या रात्रीनंतर ते वाक्य मी मुलाखतीत वापरलं होतं याची लाज वाटली.

७ एप्रिल २०२४ला पहिला गट सुरू झाला. मी तिसरा, नुसता बसायला. नऊ पुरुष : पाच न्यायालयाकडून, दोन पोलिसांच्या कक्षाकडून, एक बायकोच्या अटीवर, एक स्वतःहून. माग चालवणारे दोघं, एक रिक्षावाला, एक बँकेतला, एक शिक्षक. 'हे खालच्या वस्तीत चालतं' असं ज्यांना वाटतं त्यांनी ही यादी पुन्हा वाचावी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९ टक्क्यांहून जास्त जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय. एवढ्या बायका एकाच वस्तीत राहत नाहीत.

गट चालवायला एक बाई आणि एक पुरुष असे दोघं असतात. पहिल्या अर्ध्या तासात कळलं का ते. नऊही जण पुरुष समुपदेशकाकडे बघून बोलत होते. ताईंनी प्रश्न विचारला तरी उत्तर त्याच्याकडे. मग शिक्षक म्हणाला, "मॅडम, तेवढं चहाचं सांगा की." ताई म्हणाल्या, "चहा तुम्ही करा. साखर डब्यात आहे." तो हसला, मग उठला. तेव्हापासून प्रत्येक बैठकीचा चहा पाळीपाळीने गटातला एकजण करतो.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे काम सोडणार नाही ती चौथ्या बैठकीतली. प्रत्येकाने मारहाणीचा एक प्रसंग सावकाश सांगायचा. रिक्षावाल्याने सुरुवात केली : "भांडण झालं, डोकं फिरलं आन् हात उठला."

ताई म्हणाल्या, "कुणाचा?"

"काय कुणाचा?"

"हात कुणाचा उठला?"

"माझाच की."

"मग तसं सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. भांडण झालं, डोकं फिरलं, माझा हात उठला. पुन्हा. माझ्याकडून हात उचलला गेला. पुन्हा. खोलीत पंख्याचा आवाज, बाहेर एप्रिलअखेरचं ऊन. वीस मिनिटांनी तो म्हणाला, "मी हात उचलला."

"आणि?"

"तिला लागलं."

"लागलं, की तुम्ही मारलं?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुमीबी तिच्याच बाजूनं बसलाव की." मी काही बोललोच नव्हतो.

राग येतो, तोल जातो, हात सुटतो, लागतं. आपली मराठी या बाबतीत मारणाऱ्याला फार सांभाळून घेते. वाक्य संपतं तरी कर्ता सापडत नाही. आता कुणीही बोलताना माझं लक्ष क्रियापदाकडे जातं. पोलिसांच्या जबाबातसुद्धा 'किरकोळ कारणावरून वाद होऊन मारहाण झाली' वाचलं की मी पेन्सिलने 'कुणी?' लिहितो. ताई खोडून टाकतात.

दारूचंही तसंच. मागवाला म्हणाला, "प्यायलो की काही कळत नाही." विचारलं, प्यालेले असताना आजवर कुणाकुणाला मारलंत? जॉबरला (मुकादमाला)? नाही. भावाला? नाही. चौकातल्या पोलिसाला? सगळे हसले. मग, तिला कुठे मारता? पाठीवर. दंडावर. तोंडावर कधी? "नाही, लोक बघतात ना." हे बोलून तोच थांबला. त्या दिवशी पुढे कुणी दारूचं नाव काढलं नाही.

मधेच १ जुलै २०२४ आला, भारतीय न्याय संहिता लागू झाली, बायकोच्या छळाचं जुनं कलम ४९८-अ जाऊन कलम ८५ आलं. आमचे छापील फॉर्म बदलावे लागले. लोकांच्या तोंडात मात्र अजून 'चारशे अठ्ठ्याण्णव'च. २१ जुलैला गट संपला तेव्हा नवांपैकी चौघं उरले होते.

आता जे लिहायचंय ते टाळत होतो.

ऑक्टोबर २०२४मध्ये मला एका पुरुषाच्या एकट्याच्या बैठका दिल्या. त्याच्या बायकोशी ताई स्वतंत्र बोलायच्या, तिने सांगितलेल्या वेळेला. ही पद्धत कामाचा कणा आहे. तो किती बदलला हे त्याला विचारून कळत नाही. ती किती निर्धास्त आहे हे तिच्याकडूनच कळतं. तिने ताईंना सांगितलं होतं की तिच्या विड्यांचे पैसे तो परस्पर आणतो. मी ते फाइलमध्ये वाचलं. पुढच्या बैठकीत तो गोड बोलत होता, सगळं सुरळीत आहे म्हणत होता, आणि मला वाटलं, आता पकडतो. म्हणालो, "आणि तिच्या विड्यांचा हिशेब कोण आणतं?"

तो क्षणभर थांबला. हसला. "बरोबर सर," म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने तिचा फोन फोडला आणि 'अजून काय काय सांगितलंस' विचारत तिचा उजवा हात पिरगाळला. ठरलेल्या वेळेला फोन लागला नाही म्हणून ताई सावध झाल्या. चौथ्या दिवशी तिने शेजारणीच्या फोनवरून कळवलं. मनगट सुजलेलं. दहा दिवस विड्या वळता आल्या नाहीत. ती बहिणीकडे गेली, या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत घटनेचा अहवाल न्यायालयात गेला, संरक्षण आदेश निघाला. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे त्याला समोर बसवून वाचून दाखवलं. वाचून दाखवणारा मी नव्हतो.

मी माझ्या हाताने लिहून दिलं : 'मी गोपनीय माहिती उघड केली.' पहिल्या खर्ड्यात 'माझ्याकडून माहिती उघड झाली' असं लिहिलं होतं. ताईंनी काही न बोलता त्या शब्दांखाली रेघ मारली.

तिची माफी मागायला जाऊ का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, "तुझं मन हलकं करायला तिचा वेळ घेऊ नकोस." माझी वर्षाची उमेदवारी पूर्ण गट होईपर्यंत वाढवली, ते योग्यच झालं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बायकोची फाइल वेगळ्या कपाटात असते, आणि पैशांबद्दलचे, फोनबद्दलचे प्रश्न सगळ्यांना सारखेच, सारख्याच क्रमाने विचारले जातात. तुम्ही रुजू व्हाल तिथे ही व्यवस्था नसेल तर पहिल्या आठवड्यात मागा.

त्यानंतरचे सहा महिने मी मुख्यतः फोन घेतले, नोंदी केल्या. झोप उडाली होती. दर पंधरवड्याला बाहेरच्या एका ज्येष्ठ समुपदेशकाशी तासभर बोलायची सोय संस्थेने केली आहे; मी ती आधी वेळेचा अपव्यय समजत होतो. कामासाठी वेगळं सिम घ्या, रात्री नऊनंतर बंद ठेवा. 'ती परत आली नाही तर मी जीव देईन' असे फोन येतात; ते हलक्यात घ्यायचे नाहीत आणि तिला परत बोलावण्याचं कारणही होऊ द्यायचे नाहीत. त्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचा, आणि तिला कळवायचं, कारण अशा वेळी धोका तिलाही असतो. बायकांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे नंबर आमच्या दारावरच लिहिलेत.

१ जून २०२५ला दुसरा गट सुरू झाला, यात मी ताईंच्या बरोबरीने. आठ आले, पाच टिकले. पाण्याचा दिवस, रातपाळी, मुलीचं बारसं, गैरहजेरीला कारणं शंभर. बैठकांचा तपशील लिहीत नाही, पहिल्या गटासारखाच होता. फरक एवढाच की आता कुणी गोड बोललं की मी स्वतःकडे बघतो.

पहिल्या गटातल्या चौघांच्या बायकांना सहा महिन्यांनी फोन झाले. एकीने बोलायला नकार दिला. एकीने घटस्फोट घेतलाय आणि ठीक आहे. एकीच्या घरी पुन्हा मारहाण झाली. चौथी रिक्षावाल्याची. ती म्हणाली, "मारत नाहीत. ओरडतबी नाहीत. पण मी अजून पातेलं हळूच ठेवते." सुरक्षिततेच्या रकान्यात 'हो', 'नाही', 'अंशतः' असे तीनच पर्याय आहेत. ताईंनी बराच विचार करून काहीच खूण केली नाही, तिचं वाक्य तसंच्या तसं लिहिलं.

पुढचा गट दिवाळीनंतर. परवा एकाचा फोन आला. न्यायालयाने पाठवलंय, तारीख जवळ आहे.

"सर, शेवटी सर्टिफिकेट मिळतं ना?"

"हजेरीचं पत्र मिळतं."

"त्यात लिहिता ना, की माणूस सुधारला म्हणून?"

"किती बैठकांना आलात ते लिहितो."

तो म्हणाला, "बघतो, कळवतो." अजून कळवलेलं नाही. त्याची खुर्ची मी यादीत धरून ठेवली आहे.